चार मिलिमीटर कुठे गेले?

प्रश्न कराडच्या एका तरुण आर्किटेक्टचा आहे, त्याच्या प्लॉटरबद्दल, म्हणजे मोठमोठी ड्रॉइंग काढणाऱ्या मशीनबद्दल. थोडक्यात असा: "दोन वर्षांपूर्वी ३६ इंची इंकजेट प्लॉटर सेकंडहँड घेतला. ए-झिरो ड्रॉइंग काढलं की लांबीत मीटरला चार मिलिमीटर कमी भरतात. रुंदी बरोबर येते. लेआउटमधल्या बागेच्या हिरव्या रंगात आडव्या गडद रेघा दिसतात. मेकॅनिक म्हणतो हेड बदला. बाबा म्हणतात विकून टाक, आमच्या पेन प्लॉटरवर असलं काही होत नव्हतं. तो पेन प्लॉटर, एचपी ७४७५ए, अजून ऑफिसात चादरीखाली झाकून ठेवलाय. त्याचं काय करू?"

हेड बदलू नका. मशीनही विकू नका. तुमच्या दुखण्याचं निदान तुम्हीच लिहून पाठवलंय, फक्त दोन वेगळ्या वाक्यांत. लांबी कमी, रुंदी बरोबर आणि रंगात गडद आडव्या रेघा, हे सगळं एकच दुखणं आहे. कागद पुढे सरकताना दर वेळी जरासा कमी सरकतोय.

हिशोब करून बघा. हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, एका फेरीत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंदीचा पट्टा छापतं असं धरू. पट्टा छापून झाला की कागद बरोबर तेवढाच पुढे जायला हवा. मीटरला चार मिलिमीटर म्हणजे ०.४ टक्के. १२.७ चे ०.४ टक्के काढले तर ०.०५ मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरचा एक बारीक केस. प्रत्येक नवा पट्टा आधीच्या पट्ट्यावर केसभर चढतो. चढतो तिथे शाई दोनदा पडते आणि तुम्हाला गडद रेघ दिसते. मीटरभरात असे ७८-७९ पट्टे होतात. तितके केस जमले की तुमचे चार मिलिमीटर गेले. कागद जास्त सरकत असता तर रेघा पांढऱ्या दिसल्या असत्या आणि ड्रॉइंग लांब भरलं असतं. हेडची छिद्रं बुजली तरी रेघा येतात, पण छिद्र बुजल्याने मीटर आखूड झालेला मी पाहिलेला नाही. हेड बदलून तुम्हाला नवं हेड आणि तेच चार मिलिमीटर मिळतील.

मी १९८५ साली पुण्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, पुढे प्लॉटिंगच्या धंद्यात आलो आणि शेवटची वीसेक वर्षं फ्लेक्सच्या मशीनपाशी काढली. एवढ्या काळात गिऱ्हाइकांनी मला शाईबद्दल हजार प्रश्न विचारले, कागद कसा चालतो हे एकानेही विचारलं नाही. खरं तर मोठ्या आकाराच्या छपाईत अवघड काम तेच आहे. शाई टाकायच्या रीती दर दहा वर्षांनी बदलल्या. तीन फुटी कागद सरळ, न घसरता, न लचकता पुढे कसा न्यायचा ही अडचण १९५९ पासून जशीच्या तशी आहे.

१९५९ म्हणतोय कारण त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या कॅलकॉम्प कंपनीचा ५६५ हा ड्रम प्लॉटर आला. ड्रमवर गुंडाळलेला कागद पुढेमागे फिरायचा आणि वरच्या दांडीवर पेन डावीउजवीकडे सरकायचं. कागद ११ इंच रुंद, एक पाऊल इंचाच्या शंभराव्या भागाचं, सेकंदाला ३०० पावलं. कागद घसरू नये म्हणून त्याच्या दोन्ही कडांना भोकं होती आणि ड्रमला दाते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा भोकं पाडलेला कागद आठवत असेल तर तीच युक्ती. दात भोकात बसला की कागद कुठे जाणार? पण मग तुम्ही भोकांच्या कागदाचे बांधील. साधा ट्रेसिंग पेपर त्यावर चालायचा नाही. दुसरा मार्ग सपाट टेबलाचा. कागद चिकटवून ठेवायचा, हलायचं ते पेनानेच. अचूक काम, पण ए-झिरोसाठी ए-झिरोएवढं टेबल हवं, म्हणजे ऑफिसातली एक खोली गेलीच.

यातून जी सुटका झाली ती मला आजही या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. १९८१ च्या एचपी ७५८० मध्ये कागदाच्या दोन कडांखाली दोन बारीक चाकं होती. त्यांचा पृष्ठभाग कुरुंदाची पूड फासल्यासारखा खरखरीत, आणि वरून रबरी रोलर कागदाला त्यावर दाबून धरायचा. पहिल्यांदा कागद आतबाहेर फिरला की त्या खरखरीत कणांचे सूक्ष्म खड्डे कागदाच्या खालच्या बाजूला उमटायचे. पुढच्या प्रत्येक फेरीत तेच कण त्याच खड्ड्यांत जाऊन बसायचे. म्हणजे कागदाला लागणारी भोकं मशीन स्वतःच पाडून घ्यायचं, आणि तीही डोळ्यांना न दिसणारी. कागद सेकंदाला ६० सेंटिमीटर वेगाने पुढेमागे झुलायचा आणि तासाभराने पेन पहिल्या बिंदूवर परतलं की बरोबर त्याच बिंदूवर टेकायचं. तुमच्या चादरीखालच्या ७४७५ए मध्येही हीच खरखरीत चाकं आहेत. दिवा तिरका धरून बोट फिरवून बघा.

तेव्हा तुमच्या बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पेन प्लॉटरवर कागद शंभर वेळा मागेपुढे व्हायचा, पण रुळलेल्या वाटेने. इंकजेटमध्ये तो एकदाच, पुढेच जातो. मागची चूक पुढच्या पावलात मिसळते आणि वाढत जाते. उरलेलं अर्धं असं, की ७४७५ए फक्त ए-फोर आणि ए-थ्री घेतो. ए-थ्रीच्या ४२० मिलिमीटरमध्ये ०.४ टक्के चूक म्हणजे पावणेदोन मिलिमीटरही नाही. बाबांनी स्टीलची पट्टी लावून ती कधी मोजली होती का, हे जेवताना सहज विचारा. भांडण झालं तर माझं नाव सांगू नका.

आमच्या वेळची खरी तक्रार वेगळीच असायची. मी लागलो तेव्हा ऑफिसात प्लॉटर नव्हता. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या ट्यूब पेनांनी काम. ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ अशी चढती नंबरवारी. प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या साधारण १.४ पट, म्हणजे ए-वनचं ड्रॉइंग ए-झिरोला मोठं केलं की ०.३५ ची रेघ आपोआप ०.५ ची होते. चूक झाली तर अर्धं ब्लेड बोटांत धरून शाई खरवडायची आणि नखाने कागद घोटून गुळगुळीत करायचा. वरून प्रती काढायच्या अमोनियाच्या. पिवळसर कागद ट्रेसिंगखाली घालून दिव्यासमोरून न्यायचा, मग अमोनियाच्या वाफेतून. जिथे रेघ होती तिथे निळं किंवा काळपट उमटायचं. जुने लोक त्यालाही फेरोच म्हणायचे, जरी फेरो म्हणजे खरा ब्ल्यूप्रिंट, निळ्यावर पांढऱ्या रेघांचा, ज्याची किमया जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधली. प्रिंटच्या दुकानातल्या पोऱ्याला दुपारपर्यंत डोळे चुरचुरून पाणी यायचं. आम्ही गिऱ्हाइकं बाहेर फुटपाथवर उभी राहायचो.

प्रती आल्या की नगरपालिकेच्या सबमिशनसाठी त्या हाताने रंगवायच्या. नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळ्या तिरक्या रेघांत, रस्ता हिरवा, ड्रेनेज लाल तुटक, पाणी काळं बारीक तुटक. सहा प्रती म्हणजे सहा वेळा तेच. आज तुम्ही एक बटण दाबून ते रंग छापता आणि हिरव्यात रेघ दिसली म्हणून अस्वस्थ होता. चांगलंच आहे, आम्ही ब्रशने दिलेल्या हिरव्यात काय काय दिसायचं ते आता कोण बघतंय!

१९८९ च्या सुमारास एका कन्सल्टंटकडे आठ पेनांचा मोठा प्लॉटर आला आणि मला त्यावर बसवलं. त्याचा आवाज अजून कानात आहे. सरळ रेघेला झुऽऽप, अक्षरांना टकटकटक, आणि कंटूरच्या, म्हणजे नकाशात समान उंची दाखवणाऱ्या, रेघेला वळवळणारा सूर, हार्मोनियम शिकणाऱ्या पोराने काढल्यासारखा. ए-झिरोवर दाट कंटूर असले की एक शीट दोन तासांहून जास्त चालायची. आणि पेन वाळायचं हमखास शेवटच्या वीस मिनिटांत. प्लॉटरला ते कळायचं नाही. तो आपला कोरडं पेन घेऊन अत्यंत अचूकपणे काहीच न काढता फिरत राहायचा. म्हणून मे महिन्यातही पंखा बंद. शाईच्या पेनाचा वेगही कमी ठेवायचा, सेकंदाला १०-२० सेंटिमीटर, नाहीतर रेघ मध्येच फाटते. फायबरच्या टोकाची पेनं जोरात पळवली तरी चालायची, पण त्यांची रेघ दिवसाअखेर जाड व्हायची. टोक झिजायचं ना.

लाइट गेली की संपलं. यूपीएस असला तरी दोन तास कुठला पुरणार? मग मी एक चाल काढली. एका ड्रॉइंगची पेनांप्रमाणे वेगवेगळी फाइल करायची. आधी बारीक काळं, मग जाड काळं, मग लाल. लाइट लालच्या वेळी गेली तर परत फक्त लालच काढायचा. कागद मात्र जागचा हलवायचा नाही आणि लाइट आल्यावर पेन कोपऱ्यातल्या खुणेवर आणून भिंगातून जुळवायचं. जमलं तर शाबासकी नाही, चुकलं तर लाल भिंत काळ्या भिंतीच्या शेजारी जाऊन उभी. दोन-तीनदा मी ती 'प्रस्तावित दुरुस्ती' म्हणून खपवायचा विचारही केला होता.

या पेनांचं भूत तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अजून बसलेलं आहे. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघेचा रंग लाल ठेवला की ती एका जाडीची छापायची, पिवळा ठेवला की दुसऱ्या, अशी सीटीबी फाइल तुम्ही वापरता ना? लाल १, पिवळा २, हिरवा ३, आकाशी ४, निळा ५, जांभळट ६, पांढरा ७. हे आकडे म्हणजे आमच्या प्लॉटरच्या चकरीतले पेनांचे खण. स्क्रीनवरचा रंग हा कागदावरचा रंग नव्हताच, ती खूण होती: या रेघेला तीन नंबरच्या खणातलं पेन उचल. पेनं गेली, खण गेले, नंबर राहिले. नव्या मुलांना 'लाल रेघ बारीक का?' याचं कारण कुणी सांगत नाही म्हणून ती पाठ करतात.

आणि मराठी? प्लॉटरची अक्षरं म्हणजे एकेरी रेघांची इंग्रजी अक्षरं. देवनागरीची तशी सोय आमच्याकडे नव्हती. म्हणून गावठाणाच्या नकाशावर 'गट नं.', 'ओढा', 'पांदण', 'स्मशानभूमी' हे सगळं शीट निघाल्यावर मी हाताने लिहायचो. मशीनने दोन तास राबून काढलेल्या नकाशावर माझ्या हातची एक वेलांटी चुकली की पुन्हा अर्धं ब्लेड. शिरोरेषा पट्टीने, बाकी हातानं. ते नकाशे अजून कुठल्या तरी तालुक्याच्या कपाटात असतील.

१९९१ मध्ये एचपीचा पहिला डिझाइनजेट आला. फक्त काळा, ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. मी तो पहिल्यांदा चालताना पाहिला तेव्हा खरं सांगायचं तर वाईट वाटलं. कागद एकाच दिशेने सरकत होता, कंटूर दाट असोत की विरळ, वेळ सारखाच, आणि तोही मिनिटांत. माझं पेन सांभाळण्याचं सगळं कसब त्या दुपारी निकामी झालं. रेघ मात्र, जवळून पाहिली की, टिंबांची होती. पेनाची रेघ कागदात मुरायची, ही वर सांडलेली वाटायची. आता तसं वाटत नाही. डोळे सवयीचे असतात, आणि आता माझे चष्म्याचेही आहेत.

असो, तुमच्या चार मिलिमीटरकडे येऊ. काही उघडण्याआधी एक चाचणी करा. ८०० बाय ८०० मिलिमीटरचा चौरस काढा, बारीक रेघेत, दोन्ही कर्णांसह, आणि ३६ इंची रोलवर एकास एक छापा. पीडीएफमधून छापत असाल तर 'पानात बसवा' असं काही टिक केलेलं नाही ना ते आधी बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पण तो दोष असता तर लांबी आणि रुंदी दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी भरल्या असत्या, म्हणून तुमच्याबाबतीत मला त्याची शंका नाही. मोजायला स्टीलची पट्टी घ्या, टेलरची टेप नको. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण ११३१.४ यायला हवा. दोन कर्णांत फरक असेल तर कागद तिरका चाललाय. तीन मिलिमीटरचा फरक दिसला तर ८०० च्या लांबीत कागद साधारण दोन मिलिमीटर बाजूला सरकला असं समजा. ते रोल दांड्यावर एका बाजूला ढिला बसल्याने होतं, रोलचा खोबणीतला टोपा नीट दाबून बसवला की बहुतेक वेळा जातं.

पावसाळ्याला दोष देण्याचा मोह कराडात होणारच, पण इथे तो निर्दोष आहे. कसं ओळखायचं सांगतो. रोलच्या कागदाचे तंतू रोलच्या लांबीच्या दिशेने असतात. दमट हवेत तंतू जाड होतो, लांब फारसा होत नाही. म्हणून कागद फुगतो तो रुंदीत. लाकडी दार बघा, जुलैत ते रुंदीला फुगून चौकटीत अडकतं, उंचीला नाही. तेव्हा दोष दमटपणाचा असता तर तुमची रुंदी चुकली असती आणि लांबी बरी आली असती. तुमचं नेमकं उलट आहे. तरीही नवा रोल पिशवीतून काढून लगेच लावू नका, एक दिवस त्याच खोलीत राहू द्या, आणि वापरून झाला की परत पिशवीत घाला.

आता दुरुस्ती. मशीन बंद करा, झाकण उघडा. कागद ओढणारा लांब रोलर आणि वरची छोटी दाबचाकं बघा. दोन वर्षं वापरलेल्या मशीनवर तिथे कागदाची पांढरी भुकटी बसलेली असते आणि रबर काचेसारखं चकचकीत झालेलं असतं. तिथेच कागद घसरतो. धागे न सुटणारं सुती कापड साध्या पाण्याने ओलसर करून, रोलर हाताने फिरवत सगळीकडून पुसा, वाळू द्या. रबरावर थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी यातलं काहीही लावू नका, रबर फुगतं किंवा तडकतं. आडवी पसरलेली पारदर्शक पट्टी दिसेल, जिच्यावरून हेडला आपण कुठे आहोत ते कळतं. तिला हात लावायचं कारण नाही, तुमची रुंदी बरोबर आहे. ओढून तुटली तर मात्र तुम्हाला नवी तक्रार मिळेल.

मग रोल हाताने फिरवून बघा. जड फिरतोय का? जाड कागदाचा नवा रोल असेल तर त्याचं वजनच कागदाला मागे खेचतं. बरेच जण शेवटचा रोल स्वस्तात मिळाला म्हणून मोठ्या व्यासाचा घेतात आणि तो दोन्ही बाजूंना घासत राहतो. शेवटी मशीनच्या पॅनेलवर कागदाचा प्रकार काय निवडलाय ते पाहा. तुम्ही ८० ग्रॅमचा साधा बाँड लावलाय आणि मशीनला जाड कोटेड सांगितलंय, असं सर्रास होतं. मशीन त्या नावावरून ठरवतं की रोलर किती फिरवायचा. कागद बदलला की प्रकार बदला आणि त्यानंतरच कागद सरकवण्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे सरकणं मोजून जुळवून घेण्याची सोय, चालवा. क्रम महत्त्वाचा आहे. घाणेरड्या रोलरवर कॅलिब्रेशन केलं तर मशीन घसरणच बरोबर मानून बसतं, आणि रोलर पुसल्यावर ड्रॉइंग लांब भरायला लागतं.

हे करूनही एक मिलिमीटर राहिला तर तो सोडून द्या. कागद म्हणजे कागद. भूमी अभिलेखाचे जुने नकाशे हाताळलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. सोळा आण्यांत विभागलेल्या ३३ फुटी शंकुसाखळीने मोजलेली जमीन कागदावर अचूक उतरली, पण नंतर कागदच आकसला, आणि नकाशावरून क्षेत्र काढताना ते आकसणं हिशोबात धरावं लागलं. गुंठ्याचे १०८९ चौरस फूट कागदावर टिकत नाहीत. म्हणून एक सवय लावा: प्रत्येक शीटवर 'स्केल १:१००' एवढंच लिहू नका, रेघेचं स्केलही काढा, दोन्ही दिशांना एकेक. कागद आकसला तर ते त्याच्याबरोबर आकसतं आणि खरं बोलत राहतं. लिहिलेलं १:१०० कागदाबरोबर बदलत नाही.

तुम्हाला वाटेल मी एका केसावरून फार लिहितोय. फ्लेक्सच्या धंद्यात आलो तेव्हा हाच केस मला फुटांत दिसला. ४० बाय २० फुटांचं होर्डिंग दहा फुटी मशीनवर दोन तुकड्यांत निघतं, प्रत्येकी ४० फूट लांब. मग ते गरम हवेने जोडायचे. पहिला तुकडा सकाळी एका रोलवर छापला, दुसरा संध्याकाळी नव्या रोलवर. नव्या रोलचा ताण निराळा. अर्ध्या टक्क्याचा फरक पडला. ४० फुटांत अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ अडीच इंच. जोडायला घेतलं तेव्हा नेत्याची वरची अर्धी मिशी आणि खालची अर्धी मिशी एकमेकींना ओळखत नव्हत्या. डाव्या टोकाला जुळवावं तर उजवीकडचे कार्यकर्ते दुभंगायचे. ती रात्र आम्ही पुन्हा छापण्यात घालवली. तेव्हापासून नियम केला: एका चित्राचे सगळे तुकडे एकाच रोलवर, एकाच बैठकीत, एकाच दिशेने, आणि जोड चेहऱ्यावर कधीही येऊ द्यायचा नाही. त्या मशीनवर ऑपरेटर सॉफ्टवेअरमध्ये जो 'स्टेप'चा आकडा सारखा बदलत असतो ना, तो म्हणजे तुमचं कागद सरकवण्याचं कॅलिब्रेशनच. चांगला ऑपरेटर छपाईकडे बघत नाही, रोलकडे बघतो.

ओघात आलंय म्हणून: होर्डिंगसाठी ३०० डीपीआयची फाइल मागणाऱ्यांना मी एक भागाकार करायला सांगतो. ३४३८ ला पाहण्याच्या अंतराने भागा, अंतर इंचांत. चांगल्या डोळ्याला इंचाला तेवढे ठिपके वेगळे दिसतात. एका फुटावरून २८६, दहा फुटांवरून २९, पन्नास फुटांवरून सहासुद्धा नाहीत. तुमची ड्रॉइंग लोक एका फुटावरून वाचतात, म्हणून तुम्हाला ३०० हवेत. चौकातल्या वाढदिवसाला नकोत.

आता चादरीखालचा म्हातारा. भंगारात घालू नका. सबमिशनची ड्रॉइंग त्याच्यावर काढायचा हट्टही नको. पण त्याची भाषा, एचपी-जीएल, आजही जिवंत आहे. तुमच्या चौकात जो रेडियमवाला गाड्यांच्या काचांवर 'आईचा आशीर्वाद' कापून देतो, त्याचं कटिंग मशीन म्हणजे पेनाच्या जागी पातं बसवलेला प्लॉटरच, तशीच दाबचाकं आणि कित्येकदा तीच भाषा. पेन वर, पेन खाली, अमुक बिंदूवर जा. एक मिलिमीटरचे ४० भाग. इतकी सोपी भाषा की कॉलेजचा मुलगा एका दुपारी शिकतो. आणि परदेशात लोक हे जुने प्लॉटर शोधून शोधून घेतात, चित्रं काढायला. ते खूळ काही नवं नाही. १९६५ मध्ये गेओर्ग नेसने श्टुटगार्टला प्लॉटरची चित्रं प्रदर्शनात मांडली होती आणि चित्रकार व्हेरा मोल्नारने १९६८ पासून कॉम्प्युटर आणि प्लॉटर हाताशी घेतले. तुमच्या लँडस्केपच्या संकल्पना, झाडांचे आकार, एखादं उंचीचित्र, क्लायंटला पेनाच्या रेघेत काढून द्या आणि त्याचा चेहरा बघा.

चालू करण्याआधी मागची बाजू तपासा. २५ पिनांचं सॉकेट असेल तर सिरीयल जोडणीचा आहे. यूएसबीला सिरीयल करणारं अडॅप्टर आणि योग्य केबल लावून इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधून थेट पाठवता येतं. शेजारी बारीक खटके आहेत, त्यांवर वेग ठरतो. तिथे आणि कॉम्प्युटरवर एकच आकडा ठेवा, ९६०० ने सुरुवात करा. २४ कप्प्यांचं चपटं रुंद सॉकेट असेल तर तो एचपी-आयबी या एचपीच्या जुन्या जोडणीचा, त्याला वेगळं आणि महाग अडॅप्टर लागतं, तेव्हा आधी विचार करा. सहा पेनांची चकरी हाताने काढून बघा. त्यातली जुनी पेनं वाळून दगड झाली असतील, त्यांच्या नादी लागू नका. ही पेनं ज्या मापाची, त्या मापाची थ्रीडी प्रिंटरवर काढलेली टोपणं मिळतात किंवा काढून घेता येतात, त्यांत साध्या जेल पेनाची रिफिल बसते. खरखरीत चाकं कोरड्या टूथब्रशने झाडा, ओली करू नका.

केबल मात्र बाबांना विचारा. प्लॉटर जपून ठेवणारा माणूस केबलही टाकत नाही. माळ्यावर असेल, बहुधा बुटांच्या खोक्यात, आणि खोक्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं असेल.